हौसाबाईच्या चार ओळी

"अठ्ठावीस टक्के!" गजेंद्ररावांनी टेबलावर मूठ आपटली. "मागच्या वेळी सात नंबर वॉर्डात शंभरातले फक्त अठ्ठावीस लोक मतदानाला गेले! माझ्या स्वतःच्या वॉर्डात!"

गजेंद्रराव म्हणजे 'दैनिक गडगडाट'चे मालक. नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी त्यांनी महिनाभर रान उठवलं होतं. रोज पहिल्या पानावर पारडं कोणाचं जड, फेटा कोणाचा मोठा, मिशी कोणाची भारी! मोबाइलवर तर विचारूच नका. 'उमेदवाराने मिसळीत पाव बुडवला आणि पुढे जे घडलं ते पाहून थक्क व्हाल!' पुढे काहीच घडलं नव्हतं, त्याने पाव खाल्ला होता. गावाला पाणी किती दिवसांनी येतं, हे मात्र कुठल्याही पानावर नव्हतं.

वॉर्डात घरोघर पेपर टाकणारी हौसाबाई कोपऱ्यात उभी होती. तिच्याच्याने राहवलं नाही.

"साहेब, तुमच्यामुळंच लोक घरी बसत्यात!"

"काय म्हणालीस?"

"तुम्ही मोबाइलवर इचारता, कोण जिंकणार, बटण दाबा. लोक चहा पीत बटण दाबत्यात आणि म्हणत्यात, झालं आमचं मतदान! मागच्या खेपेला जोशीकाकू बोटाला लावायची शाई कुठं मिळंल म्हणून मलाच इचारत होत्या."

सारं ऑफिस खाली मान घालून हसलं. गजेंद्ररावांचे कान लाल झाले.

"फार शहाणी आहेस ना? मग तूच काढ लोकांना बाहेर! पेपरात तुला चार ओळी देतो. उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही, आमिष दाखवायचं नाही, खोटं एक अक्षर लिहायचं नाही. रविवारी मतदानाला शंभरातले ऐंशी आले नाहीत, तर सोमवारपासून तुझी पेपर टाकायची लाइन दुसऱ्याला!"

बावीस वर्षं जपलेली लाइन, घर तिच्यावरच चाललेलं. पण माघार घेईल ती हौसाबाई कसली!

"खोटं एक अक्षर न्हाई? मंग तुमच्या पेपरात ते उठून दिसंल, साहेब."

"पहिलं पान देऊ का?"

"नको. निधनवार्तेत द्या."

गजेंद्रराव खो खो हसले. "मेलेल्यांना मतदानाला नेणार वाटतं! दिल्या! तुझा मजकूर मी आधी बघणारसुद्धा नाही."

पेपरवाली ती, कोण काय वाचतं हे तिला मालकापेक्षा जास्त ठाऊक होतं. दारात हातात पेपर पडला, की वॉर्डातले निम्मे लोक पहिलं पान ओलांडून थेट निधनवार्ता उघडत. कोण गेलं, किती वाजता नेणार, ओळखीतलं आहे का! तेवढं झालं की पेपर स्वयंपाकघरात, डब्याखाली.

रविवारी सकाळी निधनवार्तेच्या काळ्या चौकटीत चार ओळी होत्या:

'वॉर्ड सात. गेल्या तीन निवडणुकांत ज्यांच्या बोटाला शाई लागली नाही, ते हयात असल्याचे मतदान केंद्राला अजून कळलेले नाही. आज संध्याकाळपर्यंत कळले नाही, तर त्यांची नावे उद्या याच चौकटीत येतील. बोटे पाहणारी, पेपरवाली हौसाबाई.'

आणि ती खरंच पाहत असे! मतदानाच्या दुसऱ्या दिवशी पेपर घ्यायला पुढे आलेला प्रत्येक हात तिच्या नजरेखालून जाई.

वॉर्डात धावपळ उडाली! चौकटीचा फोटो मोबाइलवर पाहून कोल्हापूरहून मेहुण्यांचे फोन, "भावजी, बरे आहात ना?" जोशीकाकू केंद्रावरच्या अधिकाऱ्याला बजावत होत्या, "आमचे हे जिवंत आहेत हो, अंघोळ करून येतायत, नाव धरून ठेवा!" तीन निवडणुका सोफ्यावर लोळून देशाची चिंता वाहणारे सगळे विद्वान रांगेत उभे. आणि सगळ्यांच्या पुढे, नाश्ता न करता आलेले, घामाघूम गजेंद्रराव!

मतदान झालं चौऱ्याऐंशी टक्के.

सोमवारी गजेंद्ररावांनी हौसाबाईला बोलावलं. शाईचं बोट त्यांनी पाठीमागे लपवलं होतं.

"महिनाभर मी पानंच्या पानं छापली, मोबाइलवर लाखभर लोकांनी बघितली. कोणी जागचं हललं नाही! तुझ्या चार ओळींत असं होतं तरी काय?"

"साहेब, तुमच्या बातम्यांत महिनाभर उमेदवारच उमेदवार. माझ्या चार ओळींत पेपर वाचणारा माणूस होता."

गजेंद्ररावांनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच पुढे वाकून म्हणाले, "आणि, म्हणजे सहज विचारतो, शाई न लागलेल्यांच्या त्या यादीत माझं नाव..."

"सगळ्यात वर, साहेब! फोटोसकट!"

गजेंद्रराव असे हसले की चष्मा खाली पडला. "लाइन तुझीच! आणि शेजारचा आठ नंबर वॉर्डसुद्धा तुझा!" त्यांनी खिशातून ऑफिसच्या नव्या स्कूटरची किल्ली काढली आणि शाई लागलेल्या हातानेच तिच्यापुढे धरली.