धुक्यातला पाठ

खाडीच्या तोंडाशी फार पूर्वी एक गाव होतं. थंडीत तिथे असं दाट धुकं उतरायचं की हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नसत.

या गावात शाळा नव्हती. ज्याला होडी दुरुस्त करायला शिकायचं असेल तो नावाड्याच्या शेजारी जाऊन बसे. जिला जाळं विणायचं असेल ती विणणाऱ्या बाईच्या अंगणात जाई. कुणी कुणाला बोलवत नसे, आणि आलेल्याला परत पाठवत नसे. संध्याकाळी लहानथोर सगळे धक्क्यावर जमत आणि आज आपल्याला काय जमलं नाही ते सांगत. मग कुणीतरी म्हणे, "अगं, मला तर ते दोन वर्षं जमत नव्हतं," आणि तिथून पुढचं शिकणं सुरू होई.

एक गोष्ट मात्र तिथे कुणीच कुणाला शिकवत नसे. ती म्हणजे हाळी. ओहोटीला मुलं तिसऱ्यांचे शिंपले वेचायला चिखलात दूरवर जात. धुकं आलं की प्रत्येकानं आपली हाळी द्यायची, आणि ती ज्याची त्यानं शोधायची. एकाची हाळी टिटवीसारखी, तर एकीची वल्हं करकरल्यासारखी. एक पोरगा नुसता त्याच्या आजोबांसारखा खोकायचा. किनाऱ्यावरच्यांना तेवढ्यावरून कोण कुठे आहे ते कळे.

एकदा राजाचं पत्र आलं आणि गावात ते कुणालाच वाचता येईना. गाव शरमलं. लोकांनी शहरातून एक गुरुजी आणले आणि शाळा सुरू केली.

गुरुजी विद्वान होते आणि मनानं चांगले होते. त्यांनी कधी कुणावर छडी उगारली नाही. वर्षभरात सतरा मुलं वाचू लागली, हेही खरंच. त्यांना फक्त त्या हाळ्या सहन होत नसत. "ही काय कोल्हेकुई?" ते म्हणत. "सगळ्यांनी एका सुरात बोला." आणि ते स्वतः म्हणून दाखवत, संथपणे, किंचित नाकातून, शेवट लांबवत, "जमीन स्थिर असतेऽ. पाणी वाहतेऽ."

उत्तर येत नसेल तर मुलांनी "सांगा, गुरुजी" म्हणायचं. भीती वाटली तर पाठ म्हणायचा. लहानपणी गुरुजींना अंधाराची फार भीती वाटे आणि पाठ म्हटला की ती कमी होई. म्हणून हे त्यांनी मुलांना मायेनंच शिकवलं होतं.

एका दुपारी गुरुजी विहिरीवर पाणी प्यायला गेले. मागे शाळेत कुणीतरी शिकवत होतं. आवाज त्यांचाच होता. खिडकीशी येऊन त्यांनी पाहिलं. मुलं डोळे मिटून रांगेत बसली होती आणि सतरा तोंडं एकदम हलत होती. गुरुजी क्षणभर चपापले. पण पाठ बिनचूक होता, म्हणून ते परत विहिरीकडे वळले.

गावात खडकावरच्या शिंपांतली कालवं काढणारी एक बाई होती. तिला एकुलती एक मुलगी होती, येसू. एकदा चुलीपाशी बसून आईनं विचारलं, "येसू, भाकरीबरोबर काय करू गं?"

दारात बसलेली येसू नाकातून म्हणाली, "सांगा, गुरुजीऽ."

आई हसली. शेजारणीला म्हणाली, "बघ, किती शिकली माझी लेक." पण भाकरी थापताना तिनं दोनदा मागे वळून पाहिलं.

थंडीतल्या एका सकाळी सतराही मुलं ओहोटीला तिसऱ्या वेचायला गेली. तासाभरानं धुकं उतरलं. पुढे पाण्याचा आवाज बदलला आणि भरती लागल्याचं सगळ्यांना कळलं. गाव धक्क्यावर धावलं. येसूच्या आईनं तोंडाशी हात धरून हाक मारली, "येसूऽऽ."

डावीकडून उत्तर आलं, "जमीन स्थिर असतेऽ." मग उजवीकडून तेच. मग दुरून, आणि अगदी जवळूनही.

"हे तर गुरुजी बोलतायत," नावाडी म्हणाला आणि मागे वळला. गुरुजी त्याच्या पाठीशीच उभे होते. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

"मी होडी नेऊ कुठे?" नावाड्यानं विचारलं. "होडी एक, आणि आवाज चहूबाजूंनी येतोय."

येसूच्या आईनं गुरुजींचा दंड धरला. "ह्यातली माझी कुठली ते सांगा. तुम्हीच शिकवलंत ना?"

गुरुजींनी कान देऊन ऐकलं. सतरा वेळा त्यांना फक्त स्वतःचाच आवाज ऐकू आला. "नाही ओळखता येत, बाई," ते म्हणाले. मग त्यांनी जोरात विचारलं, "मुलांनो, कुठे आहात?"

"आम्ही इथे आहोत, गुरुजीऽ," चारी बाजूंनी एकदम उत्तर आलं.

"पायाखाली काय आहे तुमच्या?"

धुकं गप्प झालं. पाणी तेवढं खळखळत होतं. मग सगळीकडून, हलकेच, "सांगा, गुरुजीऽ."

गुरुजी धक्क्याच्या कडेला सरकले. "मला माहीत नाही," ते ओरडले. "ऐकताय का? मला खरंच माहीत नाही. तुम्ही कुठे उभे आहात ते मला दिसत नाही. ज्याचं त्यानं पायानं चाचपून सांगा."

चिखलात पाय चाचपडू लागले. मग एक घोगरा आवाज आला. "शिंपा आहेत. टोचतायत."

"कालवांचा खडक," येसूची आई लगेच म्हणाली. "तिथून सरळ इकडे ये रे, गुडघाभरच पाणी लागेल."

"मुळं आहेत, वर आलेली."

"तिवरांच्या झाडीत आहे तो," जळण गोळा करणारा म्हातारा म्हणाला आणि काठी घेऊन त्या बाजूला उतरला.

"मऊ लागतंय. पाय आत जातोय."

"हलू नकोस, आडवी हो," जाळं विणणारी म्हणाली. "दोर टाकते मी."

एकेक आवाज सुटा होऊ लागला. कुणी रडत बोललं, कुणी चिडून, एकजण तर मध्येच खोकला. गावातल्या प्रत्येकाला खाडीचा आपापला तुकडा पायांना पाठ होता. सोळा मुलं बाहेर आली. येसू आली नाही.

पाणी कमरेवर गेलं होतं. नावाड्यानं होडी सोडली. येसूची आई तीत चढली, आणि तिच्यामागून गुरुजीही.

धुक्यात आता दोन आवाज उरले होते. एक जवळचा, स्पष्ट, धीराचा. "जमीन स्थिर असतेऽ." दुसरा खूप दूरचा आणि इतका बारीक, की तो पक्ष्याचा असावा असंही वाटे.

"तीच ती, जवळच आहे," आई म्हणाली. "दादा, इकडे घे होडी."

"थांबा," गुरुजी म्हणाले. ते होडीच्या काठावर वाकले आणि त्या जवळच्या आवाजाला त्यांनी विचारलं, "बाळ, तुझ्या पायाखाली काय आहे?"

तो आवाज थांबला नाही. तो पाठ म्हणत राहिला, न चुकता, शेवट लांबवत. तेवढ्यात दुरून तुटक शब्द आले. "पायाला काही लागत नाही. खुंट धरलाय. दोरी आहे त्याला."

"जाळ्याचे खुंट," नावाडी पुटपुटला. "म्हणजे पार मधल्या धारेत." तो आईकडे बघू लागला. दोन्हीकडे जायला वेळ नव्हता.

आईनं गुरुजींना विचारलं, "नक्की सांगताय? हा जवळचा आवाज मुलाचा नाही?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "तो माझा आहे."

नावाड्यानं होडी वळवली. त्या आवाजाच्या इतक्या जवळून ती गेली, की वल्हं मारलं तर लागलं असतं. तिथे नुसतं पाणी होतं.

येसू खुंटाला बिलगून होती, हनुवटीपर्यंत पाण्यात. तिला वर ओढलं तेव्हा तिचे ओठ काळेनिळे पडले होते. आई पदरानं तिचे पाय चोळत राहिली. थोड्या वेळानं येसूनं गुरुजींकडे पाहिलं.

"गुरुजी, तुम्हाला पोहता येतं?"

"नाही गं."

"मग होडीत कशाला आलात?" ती म्हणाली. तिचा आवाज चिरका होता, जरा उद्धट, आणि फक्त तिचाच होता.

गुरुजी तिच्याजवळ सरकले. त्यांनी आपलं उपरणं काढून तिच्या खांद्यांवर घातलं. मागे, धुक्यात, तो आवाज अजून शिकवत होता. होडीतल्या कुणीही वळून त्याला ओ दिली नाही.

तात्पर्य: मुलं आपल्यासारखी बोलू लागली म्हणजे ती शिकली, असं समजू नये. ज्याचं उत्तर आपल्यालाच ठाऊक नाही ते त्यांना विचारावं, आणि ऐकायला सगळ्या गावाला बरोबर घ्यावं.