मिटल्या ओठांचं गाणं

नदीकाठच्या खिरडगावात हनोखबाबांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. अहाहा, काय ते दिवस! गावात पिठाची गिरणी आलेली नव्हती. कोंबड्याच्या आधी जाती जागी व्हायची आणि ख्रिस्ती आळीत घराघरांतून गाणी निघायची. पोरं हाकेनं उठतच नसत, गाण्यानं उठत!

ही गाणी बाबांनीच लावून दिलेली. पांढरा फेटा, हातात चिपळ्या आणि चेहऱ्यावर सदा हसू, असे आमचे कीर्तनकार बाबा. बाबा म्हणायचे, "गाणं रविवारी देवळात ठेवून घरी आलात, तर सोमवारी काय खाल? ते चुलीपाशी न्या, मोटेवर न्या, पोराला न्हाऊ घालताना म्हणा." आणि लोक खरंच तसं करायचे. त्या आळीत भाकरीसुद्धा तालावर थापली जायची!

तिथेच तबीथाबाई नावाची एक विधवा राहायची. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, त्यामुळे शास्त्र वाचणं नाही की पाठ प्रार्थना नाही. जे काही देवाशी बोलायचं, ते दळता दळता गाण्यातून:

"उजाडलं देवा, तुझ्या दयेच्या दारात,
पसाभर दाणे माझे, तुझ्याच हातात."

आवाज जाडाभरडा, पण ऐकताना वाटावं, थंडीत कुणी अंगावर गोधडी घातली.

एका वर्षी शहरातून शद्रक मास्तर शाळेवर आले. सोबत मुलगी अबीगईल आणि एक चकचकीत पायपेटी. मास्तर खरंच छान वाजवायचे, हे कबूल केलंच पाहिजे. त्यांनी गायनमंडळ उभं केलं, चार आवाजांत गाणी बसवली. तालुक्याच्या नाताळ मेळ्यात खिरडगाव गाजवायचं, असा त्यांचा पण होता. पण पोरं गाता गाता हमखास घसरायची आणि थेट तबीथाबाईच्या चालीवर जाऊन बसायची. अबी तर सर्वांच्या पुढे!

एके दिवशी मास्तर तडक तबीथाबाईच्या दारात गेले.

"बाई, तुमच्या त्या जात्याच्या रडगाण्यानं पोरांचे कान बिघडले. नाताळ होईपर्यंत गाणं बंद!"

"अवो मास्तर, मी तर माझ्या घरात गाते."

"घरात गा नाहीतर विहिरीत गा, ऐकू येतं ना आळीभर! सुराला काही शिस्त असते. देवाला काय घरघर ऐकायची हौस आहे?"

शेजारणी फिसकन हसल्या. तबीथाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती बाबांकडे आली. "बाबा, मला दुसरी प्रार्थना येत न्हाई. गाणं गेलं तर मी देवासंगं बोलू कशी?"

बाबा म्हणाले, "मास्तरांचा शब्द मोडू नकोस, बये. ओठ मिट आणि गा. ज्याला ऐकायचं आहे, तो ऐकेल."

मेळ्याचा दिवस उजाडला. खरं तर उजाडलाच नाही, असं धुकं पडलं होतं! मास्तरांनी एकेका आवाजासाठी एकेक बैलगाडी केली होती, वाटेत सराव व्हावा म्हणून. बाबांनी समजावलं, "मास्तर, धुकं फिटू द्या. नदीत डोह आहे."

"बाबा, मेळा धुक्यासाठी थांबत नाही!" असं म्हणत मास्तरांनी गाड्या हाकल्या.

काठाकाठानं जाता गाव बरंच मागे पडलं, नदी ओलांडायची जागा आली आणि पांढऱ्या अंधारात गाड्या पांगल्या. मास्तर ओरडले, "गा! आवाजावर या!" सगळे गाऊ लागले, पण जो तो आपापलीच ओळ गाणार. वरचा सूर डावीकडून, खालचा उजवीकडून, कोण कुठे काही कळेना. आणि पोरांची गाडी, जिच्यात अबी होती, ती डोहाकडे सरकत होती. चाकांशी पाणी चढताना बघून पोरं रडू लागली.

"अबी!" मास्तरांचा सूरच फाटला. "देवा, माझी पोर वाचव रे!"

आणि तेवढ्यात... घर्र... घर्र... जात्याचा आवाज! त्यावर तेच जाडंभरडं गाणं, अगदी गोधडीसारखं.

"ए, रडू नका रे!" धुक्यातून अबीचा आवाज आला. "तबीथामावशी दळतेय! म्हणजे घर तिकडे आहे. गाडीवानदादा, वळवा!"

गाडी वळली. मागोमाग सगळ्याच गाड्या त्या आवाजाच्या मागे निघाल्या आणि कोरड्या काठाला लागल्या. एक बैल घसरला नाही, एक पोर भिजलं नाही!

गाड्या परत आळीत शिरताच मास्तरांनी खाली उडी टाकली. "कोण गात होतं? नदीपर्यंत ऐकू आलं!"

शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, "कुणीच न्हाई मास्तर. बंदी तुम्हीच घातली की! आम्ही पहाटेपासून इथंच हाय, तिच्या तोंडून चकार शब्द न्हाई निघाला."

मास्तर आत डोकावले. तबीथाबाई दळत होती. ओठ घट्ट मिटलेले, गालांवरून धारा वाहत होत्या. उंबऱ्याशी बाबा बसले होते.

बाबा म्हणाले, "तिनं तुमचा शब्द पाळला, मास्तर. आणि प्रभूनं तिचा सूर पाळला."

मास्तर बाबांचे पाय धरायला वाकले. बाबांनी पाय मागे घेतले. "माझ्यापुढे नको. तो बघा, जात्याच्या खुंट्याला एक हात कमी पडतोय."

धुकं विरल्यावर गाड्या पुन्हा मेळ्याला निघाल्या, आणि पोरांच्या गाडीत मधोमध तबीथाबाई होती. पण त्याआधी शहरचे शद्रक मास्तर शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले. जात्याशी बसायचं तर मान खाली घालावीच लागते. त्यांनी मान खाली घातली आणि तबीथाबाईच्या हाताखाली खुंटा धरला.

"बाई, पहिली ओळ सांगा. मला येत नाही."

तबीथाबाईनं किती दिवसांनी ओठ उघडले! "सांगते, पर हळू फिरवा मास्तर. पीठ पाहिजे, भरडा न्हाई."

अबी खुदकन हसली. आणि मास्तर, मान खालीच ठेवून, गाऊ लागले, "उजाडलं देवा..."