कार्यालयाची जॅकेटं

“चौथ्यांदा सांगतोय, आजी. होडीत आमच्या कार्यालयाची जीवरक्षक जॅकेटं ठेवा, नाहीतर होडी जप्त,” बंदर निरीक्षक धामणस्कर धक्क्यावर गरजले, आणि त्यांच्या शिपायानं माझ्या होडीला साखळी घातली. चाळीस वर्षं मी या खाडीवर माणसं ने-आण करते. बाकाखाली तोंडं बंद केलेले रिकामे डबे बांधते. आजवर कुणाला बुडू दिलं नाही. यांची जॅकेटं मात्र गोदामात पडून कुजलेली.

“ही तरंगायची नाहीत,” मी म्हटलं.

“तपासून पास केलीत. दाखल्याखाली माझी सही आहे. तुम्ही शिकलात किती?”

माझं डोकं तापलं. अक्षरं मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकले, पण पाणी मला यांच्यापेक्षा जास्त कळतं. शिपायानं धक्क्यावर आणून टाकलेल्या ढिगातलं एक जॅकेट उचललं आणि खाडीत फेकलं. पाणी पिऊन ते सगळ्यांदेखत तळाला गेलं.

“एखादं निघतं खराब,” साहेब म्हणाले. “बाकीची उत्तम आहेत.”

“मग साहेब, तुमची लेक शाळा सुटून पलीकडच्या काठावर उभी आहे, साखळी काढा, तिला आणायला निघते, तर तिच्या अंगात घालायचं जॅकेट या ढिगातून तुमच्या हातानं निवडून द्या.”