दाणा गेला बाकाखाली

शहरात एक मिसळीचं दुकान. दुकानापुढे कडुलिंब. कडुलिंबावर खार. एवढुश्शी! नाव तिचं झुपकी.

रविवारची सकाळ. ही गर्दी! एक जण खातोय, त्याच्या पाठीमागे दोघे उभे. तो उठला, की हे बसणार!

झुपकीला मिळाला एक शेंगदाणा. तांबूस, खरपूस. झाली नाश्त्याची सोय! तेवढ्यात रिक्षा वाजली. पोंऽऽक! झुपकी दचकली. शेपटी झाली फुग्ग! दाणा सुटला. टुण टुण टुण... गेला बाकाच्या पायाखाली. बसला अडकून. आता खायचं काय?

तुरुतुरु तुरुतुरु गेली बाकाकडे.

"बाका, बाका, सरक ना. मला माझा दाणा मिळेना!"

बाक म्हणाला, "कुर्र! आजोबा बसलेत ना माझ्यावर. ते उठले, तर सरकेन."

तुरुतुरु तुरुतुरु गेली आजोबांकडे.

"आजोबा, आजोबा, उठा ना. बाक सरकेना, मला माझा दाणा मिळेना!"

आजोबा म्हणाले, "वा गं वा! उठलो, की जागा गेली. मागे बघ, कसे टपलेत! मिसळ आली, खाल्ली, तर उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु गेली काकूंकडे. काकू मिसळ वाढणाऱ्या. पळी आपटली. ठण्ण! झुपकी दचकली. शेपटी झाली फुग्ग!

"काकू, काकू, मिसळ द्या ना. आजोबा उठेनात, बाक सरकेना, मला माझा दाणा मिळेना!"

काकू म्हणाल्या, "रस्सा तयार, फरसाण तयार. पाव कुठाय? पावाशिवाय मिसळ? लोक हसतील गं बाई! पाव आले, तर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु गेली पाववाल्याकडे. पाववाला दुकानाच्या फाटकाबाहेर. सायकल धरून उभा. घंटी वाजली. ट्रिंग! झुपकी दचकली. शेपटी झाली फुग्ग!

"पाववाले काका, पाववाले काका, आत या ना. काकू मिसळ देईनात, आजोबा उठेनात, बाक सरकेना, मला माझा दाणा मिळेना!"

पाववाला म्हणाला, "येऊ कसा? फाटकात हा भुऱ्या कुत्रा लोळतोय. जसा काही राजाच! तो उठला, तर येईन."

तुरु... तुरु... हळूच गेली भुऱ्याकडे. बाप रे, केवढा भुऱ्या! घोरत होता. घुर्रर! झुपकी दचकली. शेपटी झाली फुग्ग!

"भुऱ्यादादा, भुऱ्यादादा, ऊठ ना. पाववाला येईना, काकू मिसळ देईनात, आजोबा उठेनात, बाक सरकेना, मला माझा दाणा मिळेना!"

भुऱ्यानं एक डोळा उघडला. "रोज सकाळी कुणीतरी माझा कान खाजवतं. मग मी उठतो. आज कुणालाच सवड नाही. तू खाजवलास, तर उठेन."

"मी?"

झुपकीनं मागे वळून कडुलिंबाकडे पाहिलं. पळावं का झाडावर? पण मग दाणा?

झुपकीनं डोळे मिटले. पंजा पुढे केला.

खर्र खर्र. खर्र खर्र.

"अहाहा!" भुऱ्या म्हणाला. "जरा वर. हां, तिथ्थंच!"

मग काय!

भुऱ्या उठला. पाववाला आला. काकूंनी मिसळ दिली. आजोबांनी खाल्ली. सूं सूं... हाऽऽ! नाक पुसलं, आणि उठले!

धावले सगळे. "जागा झाली! जागा झाली!"

आजोबांनी हात आडवा केला. "थांबा हो! आधी हिचा नंबर. केव्हाची वणवण फिरतेय पोर!"

सगळे थांबले. बाक सरकला. कुर्र! दाणा निघाला. झुपकीनं उचलला दोन्ही हातांनी. तिथंच बसली, बाकावर, ऐटीत.

कुट कुट कुट. कुट कुट कुट.

"सावकाश खा गं," मागचे म्हणाले. "आम्ही आहोत उभे."

झुपकीचं पोट भरलं, गोष्टीचं ताट सरलं!