गर्दीची मागची बाजू

एकदा एका गावात एक वृद्ध गुरुजी राहत असत. जत्रा, जलसा, कुस्त्यांचे मैदान, जिथे माणसे हजारोंनी जमत, तिथे गर्दी कशी सांभाळावी याचे शिक्षण ते स्वयंसेवकांना देत. विश्राम हा त्यांचा सर्वांत धिप्पाड शिष्य.

त्या वर्षी एका व्यापाऱ्याने गाण्याचा मोठा जलसा ठेवला. गुरुजींनी स्वयंसेवकांच्या तयारीसाठी आठ दिवस मागितले.

"माणसं उभीच तर करायची आहेत, गुरुजी," व्यापारी हसला. "एक सकाळ पुष्कळ झाली."

गुरुजी संतापले, त्यांनी वाद घातला; पण अखेर कबूल झाले.

जलशाच्या संध्याकाळी गायिका मंचावर येताच लोक पुढे लोटले. मंचापुढचा कठडा वाकू लागला. विश्रामने काठी आडवी धरली आणि सर्व बळाने पुढच्या रांगा रेटून धरल्या. कठडा टिकला. जलसा पार पडला.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने सभा भरवून विश्रामच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या चालू असतानाच गुरुजी उठले आणि त्यांनी ती शाल ओढून काढली.

विश्राम गुरुजींच्या समोर येऊन उभा राहिला. "जीव पणाला लावून गर्दी थोपवली मी! त्याचं हे फळ?"

"चल माझ्याबरोबर."

गुरुजींनी त्याला इस्पितळात नेले. तिथे सगुणाबाई नावाची एक भाजीवाली खाटेवर पडून होती. तिच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. विश्रामला तिने लगेच ओळखले.

"दादा, किती ओरडले मी, बाहेर पडू द्या म्हणून," ती धापा टाकत म्हणाली. "मागनं रेटा, आन् पुढनं तुमची काठी. श्वासच घेता येईना."

विश्रामला तिच्याकडे पाहवेना. बाहेर आल्यावर तो पुटपुटला, "पण लोक ऐकतच नव्हते, गुरुजी."

"कोण ऐकणार?" गुरुजी कडाडले. "पुढच्यांना हलायला जागा नव्हती, आणि पुढे माणसे चेंगरताहेत याची मागच्यांना वार्ताही नव्हती. ते दुष्ट नव्हते. त्यांना गाणे ऐकायचे होते. अरे, गर्दी मागून वाढते! तिला मागे, प्रवेशद्वारी थांबवावे लागते आणि पुढे कोंडलेल्यांना बाजूने वाट द्यावी लागते. तू वाट दिली नाहीस, भिंत झालास. पण हे एका सकाळीत शिकवता येत नाही हे ठाऊक असून मी होकार दिला. माझा अपराध तुझ्याहून मोठा आहे."

पुढच्या वर्षी व्यापारी पुन्हा आला आणि पुन्हा घासाघीस करू लागला. या वेळी गुरुजींच्या आधी विश्रामच उसळला. "आठ दिवस देणार नसाल तर जलसा करूच नका. सगुणाबाईंना आजही टोपली उचलता येत नाही!"

व्यापाऱ्याची मान खाली गेली. आठ दिवस मिळाले.

त्या संध्याकाळी विश्राम दूरच्या प्रवेशद्वाराशी उभा राहिला. मैदान भरताच त्याने प्रवेश बंद केला. लोकांनी शिव्या घातल्या, एकाने त्याची गचांडीही धरली. "आत जागा नाही, दादा," एवढेच तो पुनःपुन्हा सांगत राहिला. गाणे त्याला धड ऐकूही आले नाही. आतली सर्व माणसे मात्र आपल्या पायांनी घरी गेली.

ज्यांच्यापाशी स्वयंसेवकांना शिकवायला वेळ नाही, त्यांना गर्दी जमवण्याचा अधिकारही नाही.