मधमाश्यांना न सांगता मोडलेलं घर

दुपारचे चार वाजले होते. इंग्लंडातल्या एका टोलेजंग हवेलीच्या सज्ज्यात लॉर्ड कॉर्बिन नावाचा साहेब चहा पीत बसला होता. समोर बाग, बागेपुढे तळं, ओकची झाडं. आणि पलीकडे एक गाव.

त्या गावच्या चुलींचा धूर साहेबाच्या नजरेला खुपला. एवढंच झालं, बरं का!

तळं हवं म्हणून त्यानं आधी नदी वळवली होती. मग सूर्यास्त दिसेना म्हणून टेकडी खणली. आता म्हणाला, "हे गाव उचला." अरे, माणसं राहतात तिथं! पण या लोकांना धूर दिसतो, चूल दिसत नाही.

घरं पाडली. लोक गाठोडी घेऊन गेले. राहिली एकटी अ‍ॅग्नेस म्हातारी, गवताच्या टोपल्यांत मधमाश्या पाळणारी.

"ए म्हातारे, तुला वेगळं आवतण हवंय का?" साहेबाचा कारभारी ओरडला.

"मला नको, माझ्या माश्यांना द्या. घरात जन्म होवो, मरण होवो, त्यांच्या टोपलीवर टकटक करून त्यांना सांगायचं, ही आमची रीत. न सांगता घर मोडलंत तर त्या रुसतील."

"मग मुंग्यांनाही विचारतो की!" कारभारी हसला आणि त्यानं घर पाडलं.

माश्या उठल्या आणि निघून गेल्या. मग काय झालं? बागेतलं प्रत्येक फूल मिटलं. गुलाब मिटले, सफरचंदाचा मोहर मिटला, गवतातली चिमुकली फुलंसुद्धा मिटली. उघडेचनात! म्हातारी आपली रिकाम्या टोपल्यांपाशी, उघड्यावर.

शेवटी साहेब स्वतः आला. म्हातारीच्या रीतीनं टोपलीवर टकटक करून म्हणाला, "गाव आपणहून गेलं." सगळं चिडीचूप.

"कारभाऱ्यानं पाडलं." तरी चिडीचूप.

"साहेब," अ‍ॅग्नेस म्हणाली, "माश्यांना खोटं पचत नाही. माणसांना पचतं."

साहेबाची मान खाली गेली. "मी पाडलं. चहा पिताना धूर दिसायचा म्हणून."

मग आभाळभर गुणगुण झाली! एकेक माशी एकेक गवताची काडी घेऊन आली, आणि दिवेलागणीला म्हातारीचं घर पुन्हा उभं! मधासारखं पिवळं, मधाच्या वासाचं. फुलं उघडली. चुलीचा धूर थेट साहेबाच्या सज्ज्यात गेला आणि तो मुकाट्यानं चहा प्याला.

म्हातारी सुखी झाली, माश्या सुखी झाल्या. मिट आता डोळे, बाळा.

काय म्हणालास, बाकीची घरं? नाही रे, ती नाही उभी राहिली. आज लोक तिकीट काढून ती बाग बघतात. फाटकावर साहेबाचं नाव आहे. पण गावातली बाकीची माणसं कुठं गेली, ते माश्यांनाही अजून कुणी सांगितलेलं नाही.