कोठीत कोंडलेली वेटोळी

फार फार वर्षांपूर्वीची ही हकिकत. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकून घटकाभर स्वतःशी विचार करावा.

एका डोंगराळ राज्यात एक मोठा घाट होता. घाटाखाली राजधानी आणि घाटावर वीस-पंचवीस गावे. धान्य, मीठ, औषधे, आजारी माणसे, सगळी ये-जा घोडागाडीतून याच घाटाने होई. चढण अशी उभी होती की दर वर्षी कितीतरी घोडे वाटेतच ऊर फुटून मरत.

मग गाड्या बांधणाऱ्या कारागिरांनी एक युक्ती शोधून काढली. त्यांनी गाडीच्या आसाला पोलादी पट्टीचे एक मोठे वेटोळे जोडले. गाडी घाट उतरू लागली की चाकांच्या फिरण्याने ते घट्ट आवळले जाई. परत चढताना खिट्टी काढली की ते उलगडू लागे आणि चाकांना जोर देई. सपाटीला घोडे ओढत, आणि चढाला घोडे व वेटोळे मिळून ओढत. घाटात घोडे मरायचे थांबले.

अशा गाड्या बांधणारे राजधानीत दोघेच होते. पूर्वेच्या वेशीपाशी तुळाजीचा कारखाना होता, पश्चिमेच्या वेशीपाशी हैबतीचा. तुळाजीची गाडी हलकी आणि देखणी, हैबतीची दणकट. वेटोळी मात्र दोघांकडेही एकाच ठिकाणाहून येत. डोंगरापलीकडे लोहारांची एक वस्ती होती. तिथली माणसे वेटोळे घडवून, तापवून राखेत पुरत आणि एकवीस दिवस सावकाश निवू देत. म्हणूनच ते हजार वेळा आवळले तरी तुटत नसे. महिन्याला बारा वेटोळी होत. सहा तुळाजीची, सहा हैबतीची.

एका दसऱ्याला राणीने दवंडी पिटवली. पुढच्या दसऱ्यापर्यंत ज्याच्या जास्त गाड्या घाटात धावतील, त्यालाच घाटाचा मक्ता मिळेल.

तुळाजी काही वाईट माणूस नव्हता. लाकडाला हात लावून ते कुठे तडकेल हे सांगणारा तो कारागीर होता. पण दवंडी ऐकल्यापासून तो धास्तावला. हैबती आपल्यापेक्षा एखादी तरी गाडी जास्त बांधेल आणि आपला जन्माचा धंदा जाईल, हे त्याच्या डोक्यातून जाईना. शेवटी तो डोंगर ओलांडून लोहारांच्या वस्तीवर गेला.

वस्तीत येसाई नावाच्या म्हातारीचा शब्द चाले. तुळाजीने तिला सांगितले, की वर्षभर धान्य, मीठ आणि कोळसा मी तुमच्या दारात आणून टाकीन, फक्त बाराही वेटोळी मला द्या. आदल्या वर्षी तिकडे पीक बुडाले होते. वस्तीतल्या कणग्या रिकाम्या होत्या.

येसाईने विचारले, "तुला बारा लागतात का रे?"

"लागतील," तुळाजी म्हणाला, पण त्याने तिच्याकडे बघितले नाही.

म्हातारीला काय ते कळले. पण घराघरांतली पोरे तिच्या डोळ्यांपुढे होती. ती हो म्हणाली.

तुळाजीचा कारखाना जिवापाड राबला तरी महिन्याला सातच गाड्या बांधू शके. उरलेली पाच वेटोळी तो कारखान्यामागच्या कोठीत रचून ठेवी आणि कुलपाची किल्ली कमरेला लावी. महिन्यामागून महिने गेले. पावसाळा आला. कोठीत ओल धरली, वेटोळ्यांवर तांबूस गंज चढू लागला. ते पाहून तुळाजीला वाईट वाटे. पण किल्ली काही त्याच्या कमरेची सुटेना.

एक दिवस हैबती स्वतः त्याच्या दारात आला. आजवर तो या वेशीला कधी फिरकला नव्हता.

"सहा नकोत, मला दोनच दे," तो म्हणाला. "वरच्या गावांना मी शब्द दिलाय. गाड्या बांधून तयार उभ्या आहेत."

तुळाजीने सांगितले, की माझ्याकडे एकही शिल्लक नाही. बोलताना त्याचा हात नकळत किल्लीवर गेला. हैबतीने तो हात पाहिला, आणि तो माघारी फिरला.

मग हैबतीने शहरातल्या लोहारांकडून वेटोळी घडवून घेतली. त्यांनी ती पाण्यात बुडवून तीन दिवसांत तयार करून दिली. हैबतीच्या मनात शंका होती. पण दसरा जवळ येत होता. त्याने ती गाड्यांना जोडली.

भाद्रपदात वरच्या एका गावात एक बाळंतीण अडली. राजधानीतून ठकूबाई नावाची नावाजलेली सुईण हैबतीच्या गाडीतून निघाली. शेवटच्या वळणावर वेटोळे तुटले. गाडी मागे घसरली आणि घोड्यांना घेऊन दरीत गेली. गाडीवान कोंडाजी गेला, दोन्ही घोडे गेले. ठकूबाई झुडपात फेकली गेली म्हणून वाचली, पण तिचा पाय मोडला. वर वाट पाहणारी बाळंतीण आणि तिचे बाळ, दोघेही राहिले नाहीत.

तुळाजीच्या कारखान्यात बातमी पोचली तेव्हा कामगार दबक्या आवाजात म्हणाले, की आता मक्ता आपलाच. तुळाजी उठून कोठीत गेला. पन्नासवर वेटोळी तिथे एकावर एक पडली होती. त्याने एकावर हात ठेवला आणि उचलून पाहिला. तळहात गंजाने लाल झाला होता. यातले एक, फक्त एक त्या गाडीला असते तर?

दरबार भरला. हैबतीने आपला दोष कबूल केला. कच्चे वेटोळे आपण जाणून जोडले, असे तो मान खाली घालून म्हणाला. चांगले वेटोळे आपल्याला कोणी नाकारले, याबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही. राणी तुळाजीच्या नावाने मक्ता लिहायला सांगणार, तोच तुळाजी पुढे झाला. गप्प राहिला असता तर त्याचे काहीच बिघडले नसते.

"महाराणी, हा अपुरे सांगतोय," तो म्हणाला. "याने माझ्या दारात येऊन दोन वेटोळी मागितली होती. माझ्या कोठीत ती पडून होती. मला नको होती, पण याला मिळू नयेत म्हणून मी कोंडून ठेवली."

राणी सावकाश म्हणाली, "मी दवंडीत गाड्या मोजायला सांगितल्या, माणसांचा विचार केला नाही. तेवढी चूक माझीही आहे. मक्ता आता कोणालाच नको. तुम्ही दोघांनी गाड्या चालवा. पण तुळाजी, त्या गाडीत आता बसणार कोण?"

तुळाजीने सगळी वेटोळी लोहारांकडे नेऊन पुन्हा तापवून, निववून आणली आणि निम्मी हैबतीच्या दारात उतरवली. दोघांच्याही गाड्या घाटात धावू लागल्या, पण रिकाम्या. ठकूबाई कुबडी घेऊन गावोगाव जाई आणि सांगे, की वेटोळ्याच्या गाडीत पाऊल ठेवू नका. कोणाची गाडी, कोणते वेटोळे, हे ती सांगत नसे आणि लोकही विचारत नसत. त्यांनी जुन्या साध्या गाड्या बाहेर काढल्या. घाटात पुन्हा घोडे मरू लागले.

दोन्ही कारखाने बंद पडले. तुळाजीने घाटातल्या सर्वांत उभ्या चढणीवर एक खोपट बांधले. येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो मागून खांदा लावी, आणि गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली की खाली येऊन पुढच्या गाडीची वाट पाही. हैबती त्याला भेटायला कधी आला नाही. तुळाजीनेही ती अपेक्षा केली नाही. म्हातारपणी त्याचा तो खांदा वाकडा झाला होता.

तात्पर्य: सर्वांच्या उपयोगाची गोष्ट दुसऱ्याला मिळू नये म्हणून जो कोंडून ठेवतो, तो ती सर्वांसाठीच नाहीशी करतो, आणि त्या सर्वांत तो स्वतःही असतो.